न दाबलेलं बटण: लॅपटॉपवरच्या एका गिटारचा प्रकरण अभ्यास

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. पुण्यात सिंहगड रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन मित्रांबरोबर राहतो, कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. घरी ॲम्प ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. पंधरा वॉटचा साधा ट्यूब ॲम्प घेतला तरी तो रंगात येतो आवाज वर नेल्यावर, आणि तोवर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅट नंबरासकट तक्रार पडलेली असते. त्यामुळे आज बहुतेक मुलं करतात तेच त्याने केलं. यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारचा सिग्नल लॅपटॉपपर्यंत नेणारी डबी, घेतला, गिटार त्यात लावली आणि ॲम्प, पेडल, स्पीकर कॅबिनेट सगळं लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअरवर उभं केलं.

रेकॉर्डिंगची छोटीमोठी कामं करतो म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. हा आला तेव्हा पार वैतागलेला होता. “दादा, आवाज पत्र्यासारखा येतो. आणि वाजवलं की मागून येतो.” शिवाय पाठीमागे सतत एक घूं चालू. तिन्ही गोष्टींचं खापर त्याने सॉफ्टवेअरवर फोडलं होतं. एक फुकटचं वापरून झालं, मग दुसरं, मग न्यूरल ॲम्प मॉडेलर. मधल्या काळात प्रीसेटचे, म्हणजे तयार सेटिंगचे, पॅकही विकत घेऊन झाले. आता दहा-बारा हजारांचं नावाजलेलं प्लगइन घ्यावं का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

नको, असं मी सांगितलं. त्याची गिटार सॉफ्टवेअरपर्यंत धड पोचतच नव्हती, आणि सॉफ्टवेअरमधून जे निघत होतं तेही त्याच्या कानापर्यंत धड येत नव्हतं.

सामान

तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग; याचे एकेकाच गुंडाळीचे) स्ट्रॅट पद्धतीची गिटार, सहा मीटरची केबल, दोन चॅनलचा स्वस्तातला इंटरफेस, सेकंडहँड विंडोज लॅपटॉप आणि ब्लूटूथ हेडफोन. यातली एकही वस्तू टाकाऊ नव्हती. हेडफोनसुद्धा गाणी ऐकायला उत्तमच होते.

सॉफ्टवेअरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. ॲम्पची नक्कल करण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एकीत ॲम्पचं सर्किट, म्हणजे त्यातल्या ट्यूब, कपॅसिटर, टोन कंट्रोल यांचं वागणं गणिताने मांडतात. १९९८ साली आलेला लाइन सिक्सचा लाल पॉड, २००२चं ॲम्पलीट्यूब, २००४चं गिटार रिग ही साधारण याच वाटेवरची मंडळी. दुसऱ्या रीतीत सर्किटच्या आत डोकवायचंच नाही. खऱ्या ॲम्पमधून ठरावीक सिग्नल पाठवायचा, बाहेर काय आलं ते रेकॉर्ड करायचं आणि आत काय गेलं की बाहेर काय येतं हे न्यूरल नेटवर्कला शिकवायचं. न्यूरल ॲम्प मॉडेलर, म्हणजे सगळे ज्याला ‘नॅम’ म्हणतात ते, या जातीचं. ते मोफत आणि ओपन सोर्स आहे, आणि जगभरच्या लोकांनी आपापल्या ॲम्पचे कॅप्चर, म्हणजे असे शिकवून तयार केलेले मॉडेल, नेटवर टाकून ठेवलेत.

दोन्ही रीतींचा एक समज मात्र सारखाच असतो: आत येणारा सिग्नल हा गिटारच्या जॅकमधून जसा निघतो तसाच, तेवढ्याच जोराचा आहे. हा समज खोटा ठरला की सॉफ्टवेअर इमानेइतबारे चुकीचा आवाज काढून देतं.

“मागून येतो”

हे सगळ्यात सोपं होतं, म्हणून आधी उरकलं. ब्लूटूथ हेडफोन आवाज आधी आकुंचित करतात, हवेतून पाठवतात, मग पुन्हा उलगडतात. यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा बघताना प्लेअर चित्र तेवढंच मागे ठेवतो म्हणून ते कळत नाही. गिटारवर मात्र बोटं मागे ठेवायची सोय नाही. घरात पडलेले जुने वायरवाले हेडफोन शोधले, इंटरफेसच्या हेडफोन जॅकमध्ये लावले आणि निम्म्याहून जास्त तक्रार तिथेच मिटली.

उरलेली तक्रार ड्रायव्हरची होती. ब्लूटूथ चालावं म्हणून त्याने सॉफ्टवेअरमध्ये विंडोजचा नेहमीचा ऑडिओ निवडला होता. तिथे इंटरफेस बनवणाऱ्याचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे कमी उशिराने आवाज नेणारा, निवडला. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, ४८ किलोहर्ट्झ ठेवला, कारण नॅमचे कॅप्चर सहसा त्याच रेटवर शिकवलेले असतात. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती नमुने साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा, ५१२ सॅम्पलवरून १२८ वर आणला. हिशोब सोपा आहे: ५१२ ला ४८,००० ने भागलं की १०.७ मिलिसेकंद, १२८ ला भागलं की २.७. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणून दुप्पट धरायचं; वर कन्व्हर्टर आणि यूएसबीचे थोडे. इंटरफेसचा आउटपुट त्याच्याच इनपुटला केबलने जोडला, एक टिचकी रेकॉर्ड केली आणि मूळ टिचकीपासून ती किती मागे पडली ते मोजलं. नऊ मिलिसेकंदांच्या आसपास आलं. आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे ॲम्पपासून तीन मीटरवर उभं राहून वाजवलं तरी एवढा उशीर होतोच. स्टेजवर त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

बफर खाली आणल्याबरोबर खरखर सुरू झाली. लॅपटॉप पॉवर सेव्हर मोडवर होता आणि प्रोसेसर सारखा डुलक्या काढत होता, ते बंद केलं. तरी दर काही सेकंदांनी एक ‘टक्’ येतच होतं. लेटन्सीमॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवल्यावर वायफायचा ड्रायव्हर मध्ये मध्ये अडवतोय असं दिसलं. वाजवताना वायफाय बंद ठेवायचं, एवढाच इलाज. प्रोसेसरवरचा भार कमी हवा असेल तर नॅममध्ये एकाच ॲम्पचे हलके कॅप्चरही मिळतात, लाइट, फेदर, नॅनो अशा नावांचे. याला त्यांची गरज पडली नाही. जाता जाता: लॅपटॉपवर एक क्रॅक केलेलं प्लगइनही होतं. ते काढायला लावलं. त्यात नीतीचा भाग आहेच, पण दर वेळी कुठल्या तरी अनोळखी फाइलवर संशय घेत बसायचं असेल तर दोष शोधायचा कसा?

बटण

आता खरं दुखणं. इंटरफेसच्या पुढच्या बाजूला मोठा कॉम्बो जॅक होता, मायक्रोफोनची पिनही जाते आणि गिटारची पिनही जाते असा. त्याच्या शेजारी एक बारीक बटण, त्यावर ‘इन्स्ट’ असं कोरलेलं. बटण बाहेर होतं. गिटार जॅकमध्ये बसली, आवाज आला, मग बटणाकडे कोण बघतो? पण बटण बाहेर असताना तो जॅक लाइन इनपुट असतो, कीबोर्ड किंवा मिक्सरसाठीचा.

फरक इंपीडन्सचा, म्हणजे सिग्नलला होणाऱ्या विद्युत अडथळ्याचा, आहे. इन्स्ट्रुमेंट इनपुटचा इंपीडन्स साधारण एक मेगओहम असतो. लाइन इनपुटचा बऱ्याचदा दहा-वीस किलोओहम. कीबोर्डला याने काही होत नाही, त्याच्या आत स्वतःची वीज आहे, तो सिग्नल ढकलू शकतो. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे, बाहेरची वीज शून्य. मल्टीमीटर लावला तर सिंगल कॉइलचा रोध सहा-सात किलोओहम दिसतो आणि वाटतं, चालेल की. पण वेढ्यांमुळे त्यात इंडक्टन्स असतो, अडीच हेन्रीच्या घरातला. वारंवारता वाढेल तसा त्याचा अडथळा वाढतो. चार किलोहर्ट्झला तो साठ किलोओहमच्या वर जातो. पुढे वीस किलोओहमचा इनपुट जोडला की त्या पट्टीतला बहुतेक सिग्नल पिकअपच्या आतच खर्ची पडतो. बेस शाबूत राहतो, तारेची धार मरते. शिवाय पिकअप आणि केबलची कपॅसिटन्स मिळून नेमका याच भागात, साडेतीन-चार किलोहर्ट्झला, एक उंचवटा तयार होतो. स्ट्रॅटची ‘चमक’ म्हणतात ती बऱ्याच अंशी त्यातून येते. लाइन इनपुटवर तो उंचवटा सपाट होतो.

मग दोष मंद आवाजाचा हवा, पत्र्याचा कसा? कारण मधल्या काळात त्याने उपाय केले होते. आवाज दबलेला वाटला म्हणून ट्रेबल शेवटपर्यंत, प्रेझेन्स तीन चतुर्थांश, वर एक इक्यू, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करणारं साधन. नॅममध्ये तर एक जादाची गोम आहे. कॅप्चर हा ॲम्पच्या नॉबच्या एकाच स्थितीचा फोटो असतो. प्लगइनच्या खिडकीत दिसणारे बेस, मिडल, ट्रेबल हे त्या ॲम्पचे नॉब नव्हेत. मॉडेलमधून आवाज बाहेर पडल्यानंतर लागणारा तो साधा इक्यू आहे. खऱ्या ॲम्पमध्ये ट्रेबल वाढवला की बहुधा डिस्टॉर्शनचाही पोत बदलतो. इथे डिस्टॉर्शन आधी होऊन गेलेलं असतं, आणि ट्रेबल वाढवला की त्याचीच किरकिर वर येते. म्हणजे आत गेली धार मेलेली गिटार, आणि बाहेर चढवली गेली डिस्टॉर्शनची किरकिर. पत्रा हा असा तयार झाला होता.

बटण दाबलं. एक कॉर्ड वाजवली आणि मीटर लालभडक. लाइन इनपुटवर गिटारचा सिग्नल अशक्त दिसतो म्हणून त्याने गेनचा नॉब बराच फिरवून ठेवला होता, आणि आता तोच जास्त झाला होता. इंटरफेसच्या इनपुटला होणारं क्लिपिंग हे ट्यूबचं डिस्टॉर्शन नव्हे. तिथे लहर वरून सपाट छाटली जाते आणि पुढच्या कुठल्याही मॉडेलला ती जोडता येत नाही. नॉब पूर्ण खाली आणला. बहुतेक इंटरफेसवर गिटारसाठी नॉब शून्यावर किंवा शून्याच्या जवळच पुरतो, विशेषतः हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचे जास्त जोराचे पिकअप, असतील तर.

इथे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, जोरात वाजवल्यावर शिखर मीटरवर उणे बारा डेसिबलच्या आसपास (शून्य म्हणजे कमाल मर्यादा) राहील इतका गेन ठेवा आणि पुढे जा. रेकॉर्डिंगपुरतं हे ठीक आहे. मी दुसऱ्या पंथाचा. मॉडेलला गिटारचे खरे व्होल्ट कळले पाहिजेत, नाहीतर ‘हलकंसं क्रंच’ म्हणून टाकलेला कॅप्चर एकाकडे क्लीन वाजतो आणि दुसऱ्याकडे फुटतो, आणि दोघेही कॅप्चर करणाऱ्याला शिव्या देतात. त्याचा हिशोब असा. इंटरफेसच्या माहितीपत्रकात इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी डीबीयू या व्होल्टेजच्या एककात दिलेली असते, गेन सगळ्यात कमी असतानाची. शून्य डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट, अधिक बारा डीबीयू म्हणजे सुमारे ३.१ व्होल्ट. इंटरफेस अधिक अठराला भरत असेल आणि कॅप्चर अधिक बारा धरून केलेला असेल, तर प्लगइनच्या इनपुटला सहा डेसिबल वाढवायचे. उलट असेल तर कमी करायचे. नॅमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हा आकडा एकदा भरून ठेवायची सोय आहे. कॅप्चर करणाऱ्याने त्याची पातळी नोंदवलेली असेल तर पुढची वजाबाकी प्लगइनच करतं.

आकडा भरला, ट्रेबल मध्यावर आणला, इक्यू काढून टाकला. त्याने गिटारचा व्हॉल्यूम नॉब सातवर आणला तसं क्रंच साफ होत गेलं, दहावर नेल्यावर परत भरलं. चांगला ट्यूब ॲम्प असाच वागतो. तो बराच वेळ तेवढंच करत बसला होता, नॉब मागे, नॉब पुढे.

कॅबिनेट

तरीही काही प्रीसेटमध्ये किरकिर शिल्लक होती. कारण उघडं होतं: ते कॅप्चर फक्त ॲम्पच्या हेडचे, म्हणजे स्पीकरशिवायच्या भागाचे, होते, पुढे स्पीकर नव्हता. गिटारचा बारा इंची स्पीकर हा मुळातच अर्धवट स्पीकर आहे. पाच किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने गप्प होतो. डिस्टॉर्शनमधला सगळा वरचा कचरा तोच गाळतो. तो नसेल तर हेडफोनमधून उघड्या वायरचा आवाज येतो. हे काम सॉफ्टवेअरमध्ये इम्पल्स रिस्पॉन्स करतो. कुठला स्पीकर, कुठला माइक, शंकूच्या मध्यापासून किती लांब, याचा मिळून तो एक ठसा असतो. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० आणि समोर शुअर एसएम ५७ ही जोडी इतक्या रेकॉर्डवर आहे की सुरुवात तिथूनच केली.

त्याच्या दुसऱ्या काही प्रीसेटमध्ये उलट घोळ होता. कॅप्चरमध्येच कॅबिनेट आणि माइक आलेला, आणि त्याने वर आणखी एक इम्पल्स रिस्पॉन्स लावलेला. दोन स्पीकरमधून गाळलेला आवाज पेटीत कोंडल्यासारखा येतो. कॅप्चरच्या पानावर ‘फुल रिग’ की ‘ॲम्प ओन्ली’ हे लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावणं एवढाच त्यावर उपाय. विकत घेतलेले प्रीसेट त्याने नंतर पुन्हा लावून बघितले. बरेचसे चांगले निघाले.

घूं

सिंगल कॉइल घूं करणारच, आपल्याकडे पन्नास हर्ट्झवर आणि त्याच्या पटींवर. पण इथला आवाज त्याहून करकरीत होता आणि तारांना हात लावला की कमी व्हायचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला तर करकर गेली, नुसती घूं राहिली. चार्जर तीन पिनचा होता, बोर्डालाही तीन भोकं होती, पण इमारत जुनी. घरमालकाने वायरमन बोलावल्यावर वरच्या भोकामागे वायरच नाही असं निघालं. अर्थिंग ओढून घेतलं. त्यासाठी घरमालकाच्या मागे बरंच लागावं लागलं, पण ते गिटारपेक्षा गीझरसाठी जास्त गरजेचं होतं.

उरलेली घूं बसण्याच्या जागेने कमी झाली. खुर्ची थोडी फिरवली की ती वाढते-घटते; सगळ्यात कमी असेल त्या कोनात बसून वाजवायचं. याच्या गिटारचा मधला पिकअप उलट गुंडाळलेला असल्यामुळे सिलेक्टरच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी घूं जवळपास नाहीशी होते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. एवढं झाल्यावर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) इतका सैल करता आला की सुरांची शेपटी कापली जाणं थांबलं.

घराबाहेर

फिरोदिया करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्यावर हाच सेटअप तालमीच्या खोलीत गेला आणि पुन्हा बिघडला. तिथे एक ट्रान्झिस्टर कॉम्बो ॲम्प होता. इंटरफेसमधून वायर काढून त्याने ती सरळ पुढच्या इनपुटला लावली. म्हणजे सॉफ्टवेअरचा ॲम्प, सॉफ्टवेअरचं कॅबिनेट, मग खरा प्रीॲम्प, मग खरं कॅबिनेट. चिखल होणारच. वायर मागच्या बाजूच्या इफेक्ट्स रिटर्नला लावली, म्हणजे खरा प्रीॲम्प वगळला गेला, आणि सॉफ्टवेअरमधलं कॅबिनेट बंद केलं. हॉलमध्ये मात्र उलट: तिथे पीएचे, म्हणजे सभागृहाच्या ध्वनियंत्रणेचे, स्पीकर सगळी पट्टी वाजवतात, त्यामुळे कॅबिनेट चालूच हवं, आणि सिग्नल डीआय बॉक्समधून, म्हणजे तो मिक्सरला जुळेल असा करणाऱ्या डबीतून, साऊंडवाल्याच्या मिक्सरला. यासाठी दोन वेगळे प्रीसेट करून ठेवले, नावं ‘खोली’ आणि ‘हॉल’.

हॉलमधल्या पहिल्या साऊंडचेकला बेस भसाभस येत होता. याचं मूळ पुन्हा फ्लॅटमध्ये. रात्री रूममेट झोपलेले, हेडफोन हळू, आणि त्या पातळीवर बेस कमी वाटला म्हणून वाढवलेला. कानाचं असं वागणं फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय: हळू आवाजात आपल्याला खालचे स्वर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की तेच अंगावर येतात. ऐंशी हर्ट्झच्या खाली कट लावला, बेस नॉब मध्याच्याही खाली आणला. त्या भागात तसंही बेसवाल्याचं आणि किक ड्रमचं राज्य असतं. घरी ऐकताना गिटार आता अंमळ पातळ वाटते, पण बँडमध्ये ती व्यवस्थित बाहेर येते.

एक तक्रार अजून बाकी आहे आणि ती मिटेलसं मला वाटत नाही. त्याला खोलीत ठेवलेल्या ॲम्पची पोटात जाणवणारी धडक हवी आहे. सॉफ्टवेअर देतं तो माइकसमोरचा ॲम्प, म्हणजे रेकॉर्डवर ऐकू येतो तो. हेडफोनने पँटचा पाय हलत नाही. त्यासाठी एखादा पॉवर्ड स्पीकर बघू म्हणतोय तो, आणि त्या प्लगइनचे दहा-बारा हजार अजून खर्च झालेले नाहीत.